स्टॅम्पपेपरवर घटस्फोट होत नाही हो, नोटीस छापताना तरी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

तुमचा पेपर आमच्या वाडीत सकाळच्या एसटीने येतो आणि नाक्यावरच्या टपरीत तो पहिल्यांदा मीच उघडतो, म्हणून लिहायचा हक्क आहे असं समजतो. मागच्या महिन्यात आतल्या पानावर कोपऱ्यात एक जाहीर नोटीस होती, की अमक्या बाईशी माझी नोटरीसमोर रीतसर फारकत झालेली असून यापुढे तिचा माझ्याशी आणि माझ्या मिळकतीशी काही संबंध नाही, कोणी व्यवहार केल्यास मी जबाबदार नाही. टपरीवर चार जणांनी वाचली आणि चौघंही म्हणाले, बरं झालं सुटला बिचारा. मी गप्प बसलो. पण घरी येऊन झोप लागली नाही कारण अगदी असाच कागद २०२१ साली मी स्वतःच्या हाताने आणला होता, माझ्या धाकट्या बहिणीसाठी, आणि त्या कागदाने तिची वर्षं खाल्ली.

मी देवगड तालुक्यातला, थोडी हापूसची कलमं आहेत, त्याच्यावर आमचं चालतं. बहीण २०१४ ला दिली, मुलगा मुंबईत कंपनीत, विरारला रूम, गावाला घर, चांगलं स्थळ म्हणून सगळे खूश. पुढे काय झालं ते इथे लिहीत नाही, दोन्हीकडून वाईट झालं एवढंच. २०१९ च्या मे महिन्यात ती चार वर्षांच्या पोराला घेऊन आंब्याच्या गडबडीत घरी आली ती परत गेलीच नाही. मग लॉकडाऊन. मग वाडीतल्या मोठ्या माणसांनी दोन्हीकडच्यांना बसवलं आणि ठरलं की आता सोडचिठ्ठी करून टाकूया. आई म्हणाली, "शाण्यान कोर्टाची पायरी चढूची नाय, चार माणसांत काय तां मिटवा." मलाही तेच बरं वाटलं. शंभरचा स्टॅम्पपेपर (तेव्हा शंभरचा चालायचा, आता पाचशेचा घ्यावा लागतो) मीच आणला, तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या टायपिस्टने त्याच्याकडचा तयार मजकूर नावं बदलून टाईप केला, दोघांनी सह्या केल्या, आम्ही साक्षीदार, नोटरीने लाल शिक्का मारला. अर्ध्या तासात काम. येताना सगळ्यांनी मिळून मिसळ खाल्ली, नवरोबासकट. मला वाटलं गंगेत घोडं न्हालं.

दीड वर्षाने कणकवलीकडचं एक स्थळ आलं, बायको वारलेली, माणूस चांगला, पोरालाही घ्यायला तयार. त्याचे मामा कोर्टात नाझर म्हणून रिटायर झालेले. त्यांनी चहा घेता घेता विचारलं, हुकूमनामा आहे ना? मी मोठ्या रुबाबात कपाटातून तो स्टॅम्पपेपर काढून दिला. त्यांनी चष्मा लावून पूर्ण वाचला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, हा कागद म्हणजे तुमच्या दोघांच्या भांडणाची पावती आहे, घटस्फोट नाही, कोर्टाचा हुकूमनामा आणा मग बोलूया. बहीण दारात उभी होती. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे माझा लगीन अजून आसाच काय?"

होतंच. हिंदू विवाह कायदा १९५५ चा आहे आणि त्याच्यात लग्न मोडतं ते कोर्टाच्या हुकूमनाम्याने, नोटरीच्या शिक्क्याने नाही. काही समाजात जुन्या रूढीने काडीमोड चालते आणि कायद्याच्या कलम २९ ने त्याला जागा ठेवलीय हे खरं, पण ती रूढी आपल्या समाजात पूर्वापार आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, नुसतं आमच्यात चालतं म्हणून भागत नाही. आणि असल्या कागदाच्या जोरावर कोणी दुसरं लग्न केलं तर ते लग्न कायद्याने लग्नच नाही, वर पहिल्या लग्नातलं माणूस जिवंत असताना दुसरं केलं म्हणून गुन्हा, पूर्वी भारतीय दंड संहितेचं कलम ४९४ होतं आता भारतीय न्याय संहितेत कलम ८२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. म्हणजे त्या मामांनी विचारलं नसतं तर मी बहिणीला हाताने धरून तिकडे ढकललं असतं.

आता हे सगळं केल्यावर मला जे कळलं ते लिहितो. मी वकील नाही, पण जवळजवळ अडीच वर्षं बहिणीबरोबर तारखांना गेलोय आणि कोर्टाच्या बाकड्यावर बसून माणूस बरंच शिकतो.

पहिली गोष्ट कुठे अर्ज करायचा. आम्हाला सगळ्यांनी घाबरवलं होतं की तो मुंबईला राहतो म्हणजे वांद्र्याच्या फॅमिली कोर्टात फेऱ्या मारायला लागणार, कोकणकन्येचं रिझर्व्हेशन काढा. खोटं. लग्न जिथे झालं तिथे, समोरचा जिथे राहतो तिथे, दोघं शेवटी एकत्र जिथे राहिले तिथे अर्ज चालतो, आणि बाई अर्ज करणार असेल तर ती आत्ता जिथे राहते तिथेसुद्धा, हे २००३ च्या दुरुस्तीपासून आहे. जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे त्या न्यायालयात, नाहीतर आपल्याकडे दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्या कोर्टात. आणि नवऱ्याने आधीच मुंबईत केस टाकली असेल तरी ती बाईच्या गावाकडे वर्ग करून मागता येते, त्यासाठी हायकोर्टात अर्ज करावा लागतो. लग्नाला वर्ष व्हायच्या आत मात्र साधारणपणे अर्जच घेत नाहीत, फारच हाल असले तर कोर्टाची परवानगी काढून.

कागद काय लागतात तर लग्नाचा दाखला, आणि आमच्यासारखी ग्रामपंचायतीत नोंद करायची राहून गेली असेल तर लग्नपत्रिका, फोटो, लग्नाला हजर असलेल्याचं शपथपत्र. पोराचा जन्मदाखला, आधार, बँकेची पासबुकं. वकिलांनी लग्नाचा अल्बमही मागितला. आम्हाला वाटलं फोटो पुराव्याला. त्यांनी पान पान उलटून कुठल्या फोटोत पाटल्या दिसतात, कुठल्यात मोहनमाळ, ते पेन्सिलीने लिहून घेतलं कारण लग्नात बाईला घातलेलं सोनं हे स्त्रीधन, ते तिचंच, आणि परत मागायचं तर यादी लागते. ताई (बहिणीला आम्ही ताईच म्हणतो) शेजारी बसून सांगत होती, ही मामीने दिलेली, ही आत्याची. त्या अल्बमला सात वर्षं कोणी हात लावला नव्हता.

वकिलाबद्दल एक सांगतो ते नीट वाचा. मी दोन वर्षांच्या आंब्याच्या पैशातून फी भरली. नंतर कळलं की बाईला, मग तिचं किंवा तिच्या भावाचं उत्पन्न कितीही असो, सरकारी विधी सेवेतून फुकट वकील मिळतो, १९८७ चा कायदा आहे. तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समितीचं ऑफिस असतं, मी त्याच्या दारावरून शंभर वेळा गेलो असेन, पाटी वाचली नाही. १५१०० नंबरवर फोन केला तरी सांगतात. आणि महाराष्ट्रात बाईला घटस्फोट आणि पोटगीच्या कामात कोर्ट फी पण माफ आहे. खाजगी वकील केलात तरी फी टप्प्याटप्प्याने द्या, पावती घ्या, आणि वकीलपत्रावर सही करताना कोऱ्या कागदावर सह्या देऊ नका. माझ्यासारख्या स्टॅम्पपेपरवाल्याने हा सल्ला द्यावा म्हणजे कमालच आहे, पण द्या बाबा लक्ष.

अर्ज दाखल झाला की नंबर पडतो, त्याच्याबरोबर एक सोळा अक्षरी सीएनआर नंबर मिळतो तो मोबाईलमध्ये सेव्ह करून ठेवा. ई-कोर्टच्या ॲपवर तो टाकला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. आम्हाला हे कळेपर्यंत आम्ही तीनदा फुकट जाऊन आलो, एकदा साहेब रजेवर, एकदा वकिलांचा संप, एकदा तारीखच दुसरी. पहाटेची एसटी, मार्च २०२३ पासून ताईचं अर्धं तिकीट आणि माझं पूर्ण, आणि एप्रिलमधली तारीख म्हणजे कलमावर आंबा तयार आणि मालक कोर्टात.

खरी रड सुरू होते नोटिशीपासून. आपल्याला वाटतं केस टाकली म्हणजे उद्या दोघं जज्जसमोर. तसं नसतं, आधी समोरच्याला नोटीस बजावली जायला पाहिजे आणि ती बजावली गेली हे कागदावर यायला पाहिजे. आमची पहिली नोटीस विरारला गेली, रूमला कुलूप, शेजारी म्हणाला गावी गेलेत, बेलिफाने तसा रिपोर्ट दिला. दुसरी गावच्या पत्त्यावर, तिकडे म्हातारी म्हणाली तो मुंबईक आसा. पोस्टाचं पाकीट परत. ह्याच्यात आठ महिने गेले साहेब, आठ महिने, कोर्टात एक शब्द बोलला गेला नाही नुसता रोजनामा, म्हणजे तारखेची नोंद. शेवटी कंपनीच्या पत्त्यावर पाठवली तेव्हा लागली. तेही झालं नसतं तर दारावर चिकटवायची परवानगी, आणि तेही नाही जमलं तर पेपरमधून जाहीर नोटीस. आणि पेपरात नोटीस येऊनही माणूस आला नाही तर काम एकतर्फी चालतं, पण एकतर्फी म्हणजे आपोआप नाही, आपला पुरावा तरीही द्यावा लागतो.

आणि इथेच तुमच्याशी माझा मुद्दा आहे. कोर्टाने काढलेली नोटीस तुमच्याकडे येते तिच्यावर कोर्टाचं नाव असतं, अर्जाचा नंबर असतो, हजर राहायची तारीख आणि कोर्टाचा शिक्का असतो. ती खरी. आणि बाजूलाच त्याच टाईपात त्याच चौकटीत कोणीतरी स्वतःच्या मनाने दिलेली माझी फारकत झाली अशी नोटीस असते. गावातल्या माणसाला दोन्ही सारख्याच दिसतात, पेपरात आलंय म्हणजे कायद्याने झालं. आमच्याकडच्या कागदाची पण नोटीस द्यायची म्हणून टायपिस्टने सुचवलं होतं, तेव्हा पैसे वाचवायचे म्हणून दिली नाही, नाहीतर आज माझंच कात्रण कोणीतरी दाखवलं असतं.

नोटीस लागल्यावर नवऱ्याने कैफियत, म्हणजे आमच्या अर्जाला लेखी उत्तर, दिलं ते वाचून बहीण दोन दिवस जेवली नाही. कोर्टातल्या कागदांची भाषा अशी असते हे आधी कोणी सांगितलं तर बरं, दोन्ही बाजूचे वकील कागदात तिखट जास्तच घालतात. आमच्या अर्जातही होतं, खोटं कशाला बोलू. आणि तिने स्वखुशीने फारकत घेतली, पोटगी सोडली असं म्हणून त्याने आमचा तोच स्टॅम्पपेपर जोडला, त्याच्यावर साक्षीदार म्हणून माझी सही. वकिलांनी समजावलं की पोराचा पोटगीचा हक्क आईच्या सहीने जात नाही. पण उलटतपासाला तो कागद ताईच्या हातात दिला गेला आणि विचारलं गेलं, ही सही तुमची ना, ही तुमच्या भावाची ना? मी मागच्या बाकावर होतो. हो म्हणाली ती. दुसरं काय म्हणणार.

मागच्या बाकावर होतो असं लिहिलं खरं, पण ते पोटगीच्या कामात. घटस्फोटाचं काम मात्र बंद दाराआड चालतं आणि हे फार जणांना माहीतच नाही. हिंदू विवाह कायद्याचं कलम २२ सांगतं की ही कामं इन कॅमेरा चालवायची आणि त्यातला मजकूर छापायचा नाही. इन कॅमेरा म्हणजे कॅमेरा लावून नाही हां, आमच्या काकींना तसंच वाटलं होतं आणि त्या म्हणत होत्या चांगली साडी नेसून जा. म्हणजे गावासमोर धिंडवडे निघतील म्हणून ज्या बायका कोर्टात जात नाहीत त्यांनी एवढं लक्षात ठेवावं. चार माणसांची वाडीतली बैठक मात्र सगळ्या गावाने ऐकली होती.

पोटगीचं वेगळं काम तालुक्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात होतं, तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १२५, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४. घटस्फोटाच्या अर्जातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली तात्पुरती पोटगी पण मागता येते आणि ती शक्यतो साठ दिवसांत ठरवावी असं कायद्यात लिहिलंय. कायद्यात तर हेही लिहिलंय की नोटीस लागल्यापासून सहा महिन्यांत घटस्फोटाचं काम संपवायचा प्रयत्न करावा. प्रयत्न. असो. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या निकालापासून (रजनेश विरुद्ध नेहा) दोघांनाही आपली मिळकत, पगार, कर्ज, खर्च, सगळं शपथपत्रावर लिहून द्यावं लागतं, आणि पोटगी अर्ज केल्या तारखेपासून धरतात. हे शपथपत्र भरताना टाळाटाळ करू नका. आमच्याकडे कलमं किती, पेट्या किती, शिलाईचे महिन्याला किती येतात, सगळं लिहिलं. त्याने पगार कमी दाखवला, बँकेचं स्टेटमेंट मागवल्यावर खरा आकडा आला. पोरासाठी महिना चार हजार लागले. दोन महिने दिले, मग बंद. थकली तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत करायचा, जुनी थकबाकी साचवून ठेवली तर हात चोळत बसायची वेळ येते.

जमिनीबद्दल पण लोकांच्या डोक्यात काहीतरी भलतंच असतं. एकजण म्हणाला नवऱ्याची निम्मी मिळकत बायकोला मिळते, सोडू नका. आपल्याकडे असा कायदा नाही. पोटगी मिळते, एकरकमी रक्कम ठरू शकते, स्त्रीधन परत मिळतं, पण नवऱ्याच्या सातबाऱ्यावर घटस्फोटाने बायकोचं नाव लागत नाही. पोराचा वडिलोपार्जित हक्क तसाच राहतो, आईबापाचा घटस्फोट झाला म्हणून तो तुटत नाही. आणि कोकणातला सातबारा म्हणजे तुम्हाला माहितीच आहे, तिकडच्या घराच्या सातबाऱ्यावर बावीस नावं, त्यातली सात वारलेली, त्याच्यातून निम्मं काढायचं तर देवाला पण जमणार नाही.

उलटतपास अर्धा झाल्यावर कोर्टाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. मला वाटलं परत ती वाडीतली बैठक. पण इथे एक प्रशिक्षण घेतलेल्या वकीलबाई मध्यस्थ होत्या, त्यांनी दोघांना आधी वेगवेगळं बसवलं, मग एकत्र, आम्हा नातेवाईकांना बाहेर. तिथे जे बोललं जातं ते जज्जपुढे जात नाही, त्यामुळे माणसं जरा मोकळी होतात. चार बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत ते दोघं म्हणे पोराच्या दहावीपर्यंतच्या फीबद्दल बोलले आणि पाच वर्षांत पहिल्यांदा एकमेकांचं वाक्य न तोडता. एकत्र नांदणं होणार नाही हे दोघांनाही पटलं होतं, मग केस भांडणाची कशाला, सहमतीची करूया असं ठरलं. चालू असलेला अर्ज कलम १३-ब मध्ये, म्हणजे परस्पर संमतीच्या अर्जात बदलून घेता येतो. हे आधीच, २०२१ ला, मिसळ खायच्या ऐवजी केलं असतं तर तेव्हा दोघंही राजी होते.

संमतीचं कसं असतं बघा. वर्षभर वेगळं राहिलेलं असायला हवं, दोघांनी मिळून अर्ज, कोर्ट जबाब घेतं तो पहिला मोशन, मग सहा महिने विचार करायला, मग दुसरा जबाब, अठरा महिन्यांच्या आत. ह्या मधल्या काळात दोघांपैकी कोणीही संमती मागे घेऊ शकतं, म्हणून सगळी रक्कम आधी देऊन बसू नका आणि घेणाऱ्यानेही सगळं शेवटावर ठेवू नका, आमच्या वकिलांनी अर्धा डीडी पहिल्या जबाबाला आणि अर्धा दुसऱ्याला असं लिहून घेतलं. सहा महिने मात्र प्रत्येकाला थांबावेच लागतात असं नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की दोघं दीड वर्षाच्या वर वेगळे राहत असतील, समेटाचा प्रयत्न होऊन फसला असेल, पोटगी-पोराचा ताबा सगळं मिटलं असेल तर कोर्ट ती मुदत माफ करू शकतं. आम्हाला पाच वर्षं झाली होती, माफ झाली. काही जण म्हणतात लग्न पार मोडलंय एवढ्याच कारणावर घटस्फोट मिळतो, तर तो अधिकार २०२३ च्या निकालाप्रमाणे सुप्रीम कोर्टाने स्वतःकडे ठेवलाय, आपल्या कोर्टात ते कारण चालत नाही.

सगळ्यात जास्त वेळ कशाला लागला सांगू? पैशाला नाही. गणपतीला. मुलगा आईकडे राहणार हे लगेच ठरलं. पण गणपतीत तो कोणाकडे? तिकडे पाच दिवसांचा गणपती, मुलगा एकुलता एक नातू, आजोबांचं म्हणणं आरतीला पाहिजे. इकडे आमचा दीड दिवसांचा. मध्यस्थ बाई वसईच्या होत्या त्यांना आधी कळेनाच की एवढं काय त्यात. मग शेवटी लिहिलं गेलं की गणपतीचे पाचही दिवस वडिलांकडे, शिमगा आणि गावची जत्रा आईकडे, मे महिन्याची सुट्टी अर्धी अर्धी, आणि पोराला आणायला सोडायला कोणी स्टँडपर्यंत यायचं तेसुद्धा. हसू नका, हे लिहून घ्या. समजूतदारपणे बघू असं तोंडी ठेवलं की पहिल्याच चतुर्थीला परत भांडण.

दुसऱ्या जबाबाच्या दिवशी मी व्हरांड्यात होतो. पुकारा झाला, ते दोघं आत गेले, जज्जसाहेबांनी दोघांना वेगवेगळं विचारलं म्हणे की कोणाची जबरदस्ती नाही ना, लिहिलेलं वाचलंत ना, पैसे मिळाले ना. बाहेर यायला दहा मिनिटं पण लागली नाहीत. ताईने आल्या आल्या विचारलं नक्कल कधी मिळते. हा प्रश्न बरोबर होता. हुकूमनाम्याच्या तीन चार सही शिक्क्याच्या नकला एकदमच काढून ठेवा, रेशनकार्ड, आधार, पोराची शाळा, बँक, सगळीकडे मागतात. आणि भांडणाच्या केसमध्ये निकाल लागला की लगेच दुसऱ्या लग्नाची घाई करू नका, अपिलाला नव्वद दिवस असतात, ते जाऊ द्या. पुढे हायकोर्टापर्यंत जायची वेळ आलीच तर आता आपल्या रत्नागिरी-सिंधुदुर्गवाल्यांना मुंबई नाही, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय, घाट चढलं की झालं.

हे सगळं मी हिंदू विवाह कायद्याचं लिहिलंय. कोर्ट मॅरेज स्पेशल मॅरेज ॲक्टखाली झालं असेल तर त्याचा कायदा १९५४ चा, तिथेही संमतीचा घटस्फोट साधारण असाच. आपल्या किनाऱ्यावरच्या ख्रिश्चन आणि मुसलमान घरांना त्यांचे कायदे वेगळे, माझ्या ऐकीव गोष्टींवर जाऊ नका, विधी सेवेतच विचारा.

तर साहेब विनंती एकच. फारकतीची, सोडचिठ्ठीची जाहीर नोटीस कोणी घेऊन आला तर कोर्टाचं नाव, अर्जाचा नंबर आणि हुकूमनाम्याची तारीख मागा. नसेल तर छापू नका, आणि जाहिरातीचा धंदा सोडवत नसेल तर निदान खाली एक ओळ टाका, की कोर्टाच्या हुकूमनाम्याशिवाय घटस्फोट होत नाही. तेवढ्या जागेत एका पेटी आंब्याची जाहिरात पण मावत नाही.

कणकवलीचं स्थळ थांबलं नाही, त्यांनी दुसरीकडे केलं, त्यांची चूक नाही. ताई शिलाई करते, गेल्या चतुर्थीला पोरगा तिकडे पाचही दिवस होता आणि येताना आजोबांनी दिलेलं पायलीभर तांदूळ आणि दोन नारळ घेऊन आला. तो स्टॅम्पपेपर अजून माझ्या कपाटात आहे, ताई म्हणते फाडून टाक, मी ठेवलाय. आता कोणी वाडीतलं विचारायला आलं की आधी तो काढून दाखवतो.

माझं नाव छापू नये, आणि बहिणीबद्दल तर गावाचं नावही नको. कलम २२ वर सांगितलंच आहे.

आपला नेहमीचा वाचक,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग